दुसऱ्या गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याची सीव्ही: पाचपैकी साडेतीन

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नऊ वर्षं क्वालिटीत काम करते. बोअर गेज, सीएमएम अशी मोजमापाची यंत्रं, ऑडिटचे कागद, सगळं हातातलं. तरी दिवाळीपासून पुण्या-होसूरकडच्या २३ कंपन्यांत ऑनलाइन अर्ज टाकले आणि एकीचाही फोन नाही.

तेव्हाची सीव्ही एका लग्नपत्रिकावाल्याकडून ६०० रुपये देऊन करून घेतली होती. निळी पट्टी, गोल फोटो, प्रत्येक कौशल्यापुढे चांदण्या. वर श्री गणेशाय नमः तेवढं घालायचं राहिलं होतं.

शेवटी मैत्रिणीच्या सांगण्यावरून टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मालकांनी पीडीएफ उघडली, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. पान कोरंच.

"अक्का, ह्यात एक अक्षर नाही बघा. कोरलमध्ये कर्व्ह करून दिलंय की."

कोरल म्हणजे पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. पत्रिका छापायला देताना फॉन्ट बिघडू नये म्हणून त्यात अक्षरांची चित्रं करतात म्हणे. छापखान्यात ते बरोबरच आहे. पण कंपनीच्या पोर्टलवर सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्याला चित्रातलं नाव दिसेलच असं नाही. मायक्रॉनची चूक पकडणारी मी, आणि तीन महिने कोरे कागद पाठवत बसले होते!

नवी सीव्ही वर्डमध्ये झाली. एकच कॉलम, फोटो नाही, टेबल नाही. मी फोन नंबर हेडरमध्ये घाला म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला. काही सॉफ्टवेअर हेडर-फूटर वाचतच नाहीत. सीएमएमच्या शेजारी कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन असं पूर्णही लिहिलं, कारण एचआर दोन्हीपैकी कुठला शब्द टाकून हुडकेल सांगता येत नाही. गावाचंही तेच. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, माझ्या डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवर बेळगाव आहे. घरी ह्यावर किती वाद घालायचे ते घाला, सीव्हीत मात्र दोन्ही आली. बाबांना दाखवली तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या ओळीवरच.

खर्च १५० रुपये, वेळ पाऊण तास. इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता तक्रार. दुकानात बोर्ड आहे, "शंभर टक्के एटीएस पास". एटीएस म्हणजे तेच, अर्ज आधी वाचणारं कंपनीचं सॉफ्टवेअर. असं काही नसतं. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि बऱ्याचदा ते नुसतं चाळून क्रम लावून देतं. पुढे माणूसच बघतो. थेट नकार येतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या प्रश्नांवरून. जिथे बीई पाहिजे तिथे माझ्या डिप्लोमाला सीव्ही काय करणार?

दुसरं म्हणजे, कौशल्यांत त्यांनी परस्पर चाळीसेक शब्द कोंबले. त्यात एसएपी! कंपनीचा माल-हिशोब ठेवायचं ते सॉफ्टवेअर मी स्टोअरवाल्यांच्या खांद्यावरून बघितलंय तेवढंच. वर म्हणाले, जाहिरातीतले शब्द पांढऱ्या रंगात खाली टाकूया, कुणाला दिसणार नाहीत. अहो, सॉफ्टवेअर मजकूर उपसून घेतं तेव्हा रंग जातो, शब्द राहतात, आणि एचआरच्या स्क्रीनवर उघडे पडतात. मी ते सगळं काढायला लावलं. प्रत्येक जाहिरात वाचून आपण खरंच करतो तेवढेच शब्द आता घरी बसून मीच बदलते. ते काम दुकानावर सोडू नका.

त्यानंतर ११ अर्ज, दोन फोन. एक कंपनी नोटीस पिरियड विचारून गप्प बसली, दुसरीकडे बुधवारी व्हिडिओवर मुलाखत आहे.

जाणार असाल तर दुपारी दीड ते चार बंद असतं. वर्डची फाइल मागून घ्या, ते आपणहून फक्त पीडीएफ देतात. आणि पेन ड्राइव्ह लावू नका, मेल करा. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस आला.