तळहातावरचा 'एसी' आणि माझी फजिती

जाहिरातीत उशाशी एक पांढरा ठोकळा आणि त्यातून सुटलेले निळे बाण. '९० सेकंदांत खोली गार!' खाली घड्याळ उलटं पळत होतं, सवलत संपायला ११ मिनिटं उरलेली. उकाड्याने झोप उडाली होती, अक्कल मात्र गाढ झोपलेली असावी. पैसे भरून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडलं, तर घड्याळ पुन्हा ११ मिनिटांवर!

खोक्यातून निघालं ते कूलरचं पिल्लू. फोनच्या चार्जरवर चालणारा पंखा, त्यामागे भिजवायचा कागदी फिल्टर आणि ३०० मिलीची टाकी. तोंडापासून वीतभर अंतरावर झुळूक बरी लागायची, हातभर सरकलं की काही नाही. पत्रकात लिहिल्याप्रमाणे दारं-खिडक्या लावून चालवला. तासाभरात चादर चिकट झाली, थर्मामीटरचा पारा होता तिथेच.

मग, आधी करायला हवा होता तो हिशेब केला. एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो. त्याला कॉम्प्रेसर लागतो, आणि पोर्टेबल एसी असला तरी गरम हवेची जाड नळी खिडकीबाहेर काढावीच लागते. एक टनाचा एसी तासन्‌तास साधारण ३,५०० वॅट उष्णता उपसतो. माझ्या ठोकळ्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत होतं : ५ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे जेमतेम १० वॅट वीज. टाकी ३ तासांत संपायची. त्या पाण्याच्या बाष्पीभवनाचा गारवा धरला तरी ६५-७० वॅट. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. थोडक्यात, मला एकट्यालाही ते पुरत नव्हतं. वर बंद खोलीत ती वाफ जाणार कुठे?

परत करतो म्हटल्यावर उत्तर आलं, 'फिल्टर फ्रीजरमध्ये ठेवून पाहा.' मग, 'पाव रक्कम घ्या आणि वस्तू ठेवा.' शेवटी परदेशातला पत्ता, जिथली पाठवणावळ किमतीहून जास्त. फोटोवरून शोध घेतला तेव्हा हाच ठोकळा पाच-सहा नावांनी विकला जाताना दिसला. एका ठिकाणच्या अभिप्रायात तर 'बास दमदार आहे' असं लिहिलेलं. कुठल्यातरी स्पीकरचं कौतुक इथे चिकटवलेलं!

घ्यायचंच असेल तर पानावर आधी वॅटचा आकडा शोधा, आणि पैसे भरण्यापूर्वी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे परत मिळावेत म्हणून बँकेकडे तक्रार केली, तेव्हा तिने माझ्याकडे पहिल्यांदा तोच मागितला, आणि तोवर 'खोली गार' हे शब्द पानावरून गायब झाले होते.