पाम एम१०५ की ट्रिओ ६००?

फोंडा, म्हापसा, मडगाव असं फिरून दुकानदारांच्या ऑर्डरी घेणाऱ्याला मी २००१चा पाम एम१०५ हा तळहातात मावणारा छोटा संगणकच सुचवीन. तो दोन ‘ट्रिपल ए’ सेलवर चालतो. पावसाळ्यात वीज गेली तरी सेल नाक्यावरच्या दुकानात मिळतात. मात्र सेल पूर्ण उतरू देऊ नका. नोंदी रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत असतात, त्या कायमच्या पुसल्या जातात! म्हणून रोज संध्याकाळी घरच्या संगणकाशी हॉटसिंक कराच, म्हणजे नोंदींची प्रत तिथे राहते. काळापांढरा पडदा उन्हातही वाचता येतो.

२००३च्या ट्रिओ ६०० या तशाच छोट्या संगणकात फोन, कॅमेरा, रंगीत पडदा, बारीक कीबोर्ड सगळं आहे. गिऱ्हाइकाचं नाव शोधलं की तिथूनच फोन लागतो, हे सुख मोठं. पण बॅटरी आतच बसवलेली; वाटेत उतरली तर दुसरी घालता येत नाही. ज्याचा धंदाच फोनवर चालतो, त्याने ट्रिओ घ्यावा.