एटनावर द्राक्षं लावायची परवानगी विकत घेऊ नका, माझे 8,300 युरो बुडाले

इटलीत, सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर अर्धा हेक्टर पडीक जमीन भाड्याने घेतली. लाव्हाच्या दगडांचे बांध, त्यात नेरेल्लो मास्कालेसे आणि थोडी कारिकांते, म्हणजे तिथलीच जुनी द्राक्षं, लावून छोटीशी नॅचरल, म्हणजे बाहेरचं जवळपास काही न मिसळता वाइन करणारी, वाइनरी काढायची होती. युरोपात वाइनची द्राक्षं लावायला सरकारी परवानगी लागते हे माहीत होतं, म्हणूनच तर एजंटकडे गेलो ना!

तो म्हणाला, एका म्हाताऱ्याने बाग उपटलीय, त्याची परवानगी तुझ्या नावावर करतो, 6,500 युरो. 2,000 इसार, बाकी कागद आल्यावर. कागद आला, शिक्का-सही झकास, पण नाव म्हाताऱ्याचंच. विचारलं तर म्हणे, विजेच्या मीटरसारखं नाव बदलतं, महिनाभरात होईल. तिथूनच उठायला हवं होतं. निफाडला मामाच्या बागेत वाढलोय, फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही हे शाळेत असल्यापासून माहितीय, आणि तरी 4,500 ट्रान्सफर करून मोकळा झालो. पावतीवर 'सल्ला फी' लिहिलेलं, तेही वाचलं, वाटलं टॅक्स वाचवत असेल, कोण नाही वाचवत?

2016 पासून ही परवानगी फुकट मिळते आणि विकता येत नाही. आधी लागवडीचे हक्क विकले जायचे, लोकांच्या त्या जुन्या समजावरच ह्या एजंटांचं दुकान चालतं. 'नॅचरलवाल्यांना वेगळा कोटा' असंही बोलला होता. कुणी असं बोललं की उठा, कायद्यात नॅचरल वाइन असा प्रकारच नाहीये.

नर्सरीला 3,000 कलमांचे 1,800 ॲडव्हान्स दिलेले, तेही गेले. 'लावून टाक, कोण बघतंय' म्हणणारेही भेटले. ऐकू नका, बिनपरवाना बागेला हेक्टरी किमान 6,000 युरो दंड आणि उपटायचा खर्च आपलाच.

पोलीस म्हणाले, सल्ल्याचे पैसे दिलेत, सल्ला मिळाला, दिवाणी मामला आहे. शेती खातं म्हणे, त्या म्हाताऱ्याची नोंद आहे की नाही हे सांगता येत नाही, प्रायव्हसी! पैसे माझे गेले आणि प्रायव्हसी त्याची? वर सर्टिफाइड ईमेलच (आपल्या रजिस्टर पोस्टासारखा) पाठवा. पाठवला तर उत्तर, चुकीच्या विभागाला पाठवलाय, मग बरोबर विभाग कोणता, तर वेबसाइटवर बघा, आणि वेबसाइटवर तोच पत्ता! फसवणुकीच्या तक्रारीला 3 महिन्यांची मुदत असते हेसुद्धा ठाण्यात कुणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं, त्याचे 350 वेगळे.

एजंटने माझा नंबर ब्लॉक केलाय. बायकोच्या फोनवरून लावला तर गोड आवाजात विचारतो, कुठे जमीन बघताय मॅडम?