कुलवृत्तांत, पोस्टग्रेस आणि एलट्री: आठ महिन्यांनंतर

सदाशिव पेठेतल्या एका कुलवृत्तांत मंडळाचं काम आठ महिन्यांपूर्वी अंगावर घेतलं. छापील ग्रंथातल्या १३ पिढ्या, ११ हजारांवर नावं वेबवर आणायची होती. सध्या हे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एलट्री एक्स्टेन्शनवर (झाडासारखी माहिती साठवायची जोडणी) चालतंय.

सुरुवात साधीच होती. प्रत्येक नोंदीत वडिलांचा आयडी आणि झाड काढायला रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे मिळालेल्या उत्तरावरून पुन्हा पुढची पिढी शोधत जाणारी. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००९ पासून आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २०१८ ला आवृत्ती ८.० बरोबर आली. चाललंही बरं. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात: महादेव, त्याचा बाळाजी, त्याचा पुन्हा महादेव. नोंदी भरताना कुणीतरी बाळाजीचे वडील म्हणून थोरल्याऐवजी धाकटा महादेव निवडला. मुलगाच बापाचा बाप झाला, क्वेरी गरगर फिरत राहिली आणि रविवारी सकाळी सर्व्हर आडवा. (पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून अशी चक्रं पकडायला क्वेरीतच सायकल कलम आहे. ते मी नंतर वाचलं.)

एलट्रीत प्रत्येक नोंदीजवळ मूळपुरुषापासूनची वाट असते: १.१७.२०४ अशी. '२०४ चे सगळे वंशज द्या' म्हटलं की जिस्ट इंडेक्समुळे (शोध जलद करणारी सूची) उत्तर लगेच येतं, आणि पूर्वज तर वाटेतच लिहिलेले. नेस्टेड सेटचाही (प्रत्येक नावाला दोन आकडे, वंशजांचे आकडे त्यांच्या मधे) विचार केला होता, पण त्यात एक बारसं झालं की सरासरी अर्ध्या टेबलाचे आकडे सरकवायचे. नको!

खरी परीक्षा झाली ती जुनी कागदपत्रं सापडल्यावर. साताऱ्याकडची एक अख्खी शाखा भलत्याच भावाला जोडलेली निघाली. सहाशेच्या आसपास नोंदी एका अपडेटमध्ये हलल्या. छापील ग्रंथात याचं शुद्धिपत्र झालं असतं.

तक्रारीही आहेत. वाटेतले आकडे मजकूर म्हणून लावले जातात, त्यामुळे १० हा २ च्या आधी येतो. मी आळसाने वाटेवरच क्रम लावला होता. धाकटा भाऊ थोरल्याच्या वर दिसला आणि चिटणीस काकांनी फोनवर यथेच्छ झापलं. आता जन्मक्रमाचा वेगळा कॉलम आहे. दत्तक हे दुसरं दुखणं. माणूस एक, घरं दोन, वाट मात्र एकच. वाट दत्तक घराण्यात ठेवली, जन्मदाते वेगळ्या टेबलात. वडिलांचा आयडी मात्र काढू नका. आमच्याकडे खरा तोच, वाट ट्रिगरने (नोंद बदलली की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) त्यावरून बनते, बिघडली तर पुन्हा बांधता येते.

दाखवण्यात मी आधी हौस केली: गोलाकार वृक्ष, सगळा डेटा एकदम. काकांच्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर गोठला. आता ग्रंथातल्यासारखी पायरीपायरीने आत सरकणारी यादी आहे. नावावर टिचकी मारली की तेवढीच मुलं येतात. नाव शोधलं की मूळपुरुषापासूनची साखळी आपोआप उघडते. "आता कसं वाचता येतंय," एवढंच काका म्हणाले. पुण्यात याला कौतुक समजायचं.

परवाच्या बैठकीत मात्र लेकींच्या मुलानातवंडांचीही नावं घ्यायचं ठरलं. म्हणजे एकाच माणसाला आईकडून एक वाट, वडिलांकडून दुसरी. मग एलट्री पुरणार नाही, प्रत्येक पूर्वज-वंशज जोडीची ओळ ठेवणारं क्लोजर टेबल लागेल. त्याचं कोटेशन मी अजून दिलेलं नाही.