बायोस डिफॉल्ट करायचे ४८०० रुपये घेतले माझ्याकडून

मी लग्नाचे अल्बम डिझाईन करतो, धायरीला घरीच सेटअप आहे. मागच्या सीझनला एक व्हिडिओ बघून हौसेने बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची, बोर्डाची सेटिंग) जाऊन एक्सएमपी ऑन केलं, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालते, माझी ३६०० ची आहे. सेव्ह केलं, रीस्टार्ट झाला आणि पंखे फिरतायत, लाईटी लागल्यात, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. दोन अल्बम शनिवारी द्यायचे, नवरीचा भाऊ दिवसाला तीन फोन करतोय, मग काय, सीपीयू गाडीवर पायाशी ठेवला आणि सिंहगड रोडला एका दुकानात नेला. दुकानाचं नाव टाकत नाही, उगाच नोटिशीबिटिशीचा ताप नको.

आणि मीच शहाण्यासारखं सांगितलं की बायोसमध्ये अमुक केलं त्यानंतर हे झालं. तो लगेच, "अरे बापरे, मग बायोस करप्ट झाला साहेब. चिप काढून प्रोग्राम करावी लागेल. एक रॅम पण उडालेली दिसतीय." चिपचे २२००, रॅमचे २६००. दुसऱ्या दिवशी पीसी चालू, रॅम पण नेमकी त्याच कंपनीची मिळाली म्हणाला, मी खूश. बिल म्हणजे डायरीचं फाडलेलं पान. जुनी रॅम मागायचं सुचलंच नाही.

घरी आल्यावर तारीख २०१९ ची दिसत होती आणि कुठलीही साईट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून बोंब. तारीख हाताने नीट केली आणि कामाला लागलो, तेव्हा सीझनची घाई होती, विचार करायला वेळ कुणाला.

मग एका रविवारी आतेभाऊ जेवायला आला, तो हार्डवेअरचंच करतो. हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "दादा, झाकण काढ जरा." टॉर्च मारली. बोर्डावर धुळीचा थर, आणि ती आठ पायांची बायोस चिप तर धुळीने पांढरी, पायांच्या मधेसुद्धा जळमटं तशीच. चिप काढली असती, नाहीतर तिला नुसती क्लिप जरी लावली असती तरी धूळ हलली असती की नाही? स्वच्छ जागा एकच होती, गोल सेलच्या भोवती बोटं फिरल्याची. "एवढंच केलंय त्याने," म्हणाला. म्हणजे दुकानदाराने सेल काढला, थोडा वेळ थांबला, परत लावला. बायोसची सेटिंग आणि घड्याळ त्या सेलवरच टिकतं. सेटिंग डिफॉल्टला आली, एक्सएमपी बंद, रॅम २१३३ वर, डिस्प्ले चालू. तारीख मागे गेली ती त्यामुळेच.

मग मी रॅम घेतली होती त्या टिळक रोडच्या दुकानाचं जुनं पक्कं बिल शोधलं, त्यावर दोन्ही रॅमचे सिरियल नंबर होते. रॅम काढून बघितल्या तर "नवी" रॅम म्हणजे माझीच! नंबर एकूण एक जुळतोय. माझीच रॅम मला २६०० ला विकली हो. आतेभाऊ हसून हसून लाल, मला मात्र आमरस गोड लागेना.

त्याने मग सगळं दाखवलं. डिस्प्ले येत असेल तर बायोसमध्येच लोड डिफॉल्टचा ऑप्शन असतो, काही बोर्डांना एफ ९, काहींना एफ ५, खाली लिहिलेलंच असतं. डिस्प्लेच नसेल तर आधी वायर पूर्ण काढायची, नुसतं बटण बंद करून नाही, मग सेलजवळ दोन पिना असतात, क्लिअर सीमॉस असं काहीतरी लिहिलेलं, त्या स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडायच्या. नाहीतर सेल काढून पाच-दहा मिनिटं ठेवायचा. सेल सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. नंतर पहिल्यांदा चालू होताना एक-दोन मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, घाबरायचं नाही. फक्त बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं लॉक, चालू असेल तर ४८ आकडी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून ठेवा, रीसेटनंतर मागू शकतो. आणि हे डेस्कटॉपचं बोलतोय, लॅपटॉप उघडत बसू नका.

सोमवारी दुकानात गेलो, बिल आणि रॅम दोन्ही काउंटरवर ठेवलं. आधी "मुलाकडून चुकून जुनीच लागली", मग "साहेब, लेबर तर लागतंच ना". अर्धा तास वाद घातल्यावर रॅमचे २६०० परत दिले, चिपच्या २२०० ला हात लावू दिला नाही.

निघताना दारातच एक काकू रिक्षातून सीपीयू उतरवत होत्या, डिस्प्ले येत नाही म्हणे. विचारलं, बायोसमध्ये कुणी काही केलं होतं का? "मुलाने केलंय बाई काहीतरी, त्या गेमसाठी."

म्हटलं काकू, रिक्षा सोडू नका.