दहा महिने वापरलं, पण या घड्याळात 'ळ' नाही

मागच्या महिन्यात चार्जिंगची केबल मेली नसती तर मी हे लिहायला बसलेच नसते. हे स्मार्टवॉच सेलमध्ये १,७९९ रुपयांना घेतलं. खोक्यावर एमआरपी ७,९९९ छापलीय. ती कुणी खरोखर भरली असेल तर मला त्या माणसाला भेटायचंय. अमोलेड स्क्रीन, ब्लूटूथ कॉलिंग, शंभरेक खेळांचे मोड, या भावात सगळ्यांना असतं तेच. ते पुन्हा लिहीत नाही.

केबल दोन पिनांची, चुंबकाने चिकटणारी. मे महिन्यात घामाने घड्याळाच्या पिनांवर हिरवट थर चढला. जुन्या टूथब्रशने आणि मुलाच्या खोडरबराने घासून महिनाभर ढकललं, मग वायरच टोकाशी तुटली. कस्टमर केअरचं म्हणणं, घड्याळाला वर्षाची वॉरंटी, केबलला सहाच महिने. ठीक आहे, विकत द्या. तर 'सध्या स्टॉक नाही, मॅडम'. चार फोन, दोन ईमेल, आणि दर वेळी बिलाचा फोटो नव्याने पाठवा. शेवटी स्टेशनबाहेरून दीडशेची केबल आणली. दिसायला जुळी बहीण, पण जवळ नेली की घड्याळ लांब पळायचं, कारण चुंबकाची टोकं उलटी! बदलून दुसरी आणली, ती चिकटली पण पिना जुळेनात. तेव्हा कळलं की दोन पिनांमधलं अंतरही सगळीकडे सारखं नसतं. कुठे २.८४ मिलिमीटर, कुठे ४. हे खोक्यावर छापायला काय जातं?

या भानगडीत तीन आठवडे मनगट रिकामं होतं. माझा अंदाज होता की काही अडणार नाही. अडलं.

मी रोज डोंबिवलीहून दादरला जाते, लेडीज डब्यातून. कुर्त्याला खिसा नाही, फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी दाबलेली, एक हात वरच्या कडीला. फोन वाजला की तो शाळेचा आहे की 'मॅडम, लोन हवंय का' वाला, हे कळायला ठाण्यापर्यंत थांबावं लागायचं. घड्याळ असलं की मान जराशी तिरकी केली की झालं. ओटीपीही तसाच. पहाटे पाचचा गजर मनगटावर नुसता थरथरतो, घरात बाकी कुणाची झोपमोड होत नाही. सोफ्याच्या फटीत गेलेला फोन आठवड्यातून तीनदा तरी त्यावरूनच सापडतो. बस. माझ्या मते स्मार्टवॉचचा खरा उपयोग एवढाच, फोन बाहेर न काढता कोण काय म्हणतंय ते कळणं.

तब्येतीचे आकडे करमणूक म्हणून बघा. कणीक मळताना पावलं वाढतात. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बाजारातून चालत आले तर फारशी वाढत नाहीत, कारण हात हललाच नाही. आणि ज्या दहा हजार पावलांसाठी आपण रात्री हॉलमध्ये येरझारा घालतो, तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून आला. मॅन्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव विक्रीसाठी बरं वाटलं, एवढंच. नाडीचं म्हणाल तर मागचा हिरवा दिवा कातडीवरून परतणाऱ्या उजेडातला चढउतार मोजतो. आम्ही गंमत म्हणून ते केळ्याला बांधलं, ८१ ठोके दाखवले. सासऱ्यांनी 'शुगर दाखवणारं का नाही घेतलंस?' असं विचारलं होतं. त्यांना सांगितलं की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२४मध्येच बजावलंय, सुई न टोचता शुगर मोजते अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. ते गप्प बसले, पटलं नाही.

आता मुद्द्याचं. खोक्यावर 'हिंदी सपोर्ट' आहे, आणि तो अक्षरशः तेवढाच आहे. हिंदीला रोजच्या लिहिण्यात ळ लागत नाही, म्हणून यांनी तो भरलेलाच नसावा. जिथे ळ तिथे चौकोन. सासूबाईंची वाण्याची यादी गाडीत असताना येते. ती मनगटावर अशी दिसते: 'डा□, तांदू□, गू□, नार□, के□ी अर्धा डझन'. वाण्याकडे ळशिवाय काय मिळतं हो? मिळतं, पण 'मि□तं'. एकदा मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर 'उद्या शा□ा सका□ची' आलं आणि मी ठाण्यापर्यंत ते कोडं सोडवत होते. ज्या एका कामासाठी ही वस्तू उपयोगी, नेमकं तिथेच भोक. तक्रार केली तर उत्तर आलं, 'भाषा इंग्रजी ठेवून पाहा.' सासूबाईंची? यासाठी मी दोन तारे देणार होते.

वरचं लिहून आठ दिवस झाले, म्हणून थोडी दुरुस्ती. कंपासपेटीतल्या पट्टीने अंतर मोजून १९९ची केबल ऑनलाइन मागवली, ती पहिल्या झटक्यात बसली. आणि ज्या कॉलिंगला मी आजवर शोबाजी म्हणत होते, ते परवा कामाला आलं. हात कणकेत, फोन बेडरूममध्ये, आणि गॅसवाला खाली गेटशी. कोपराने स्क्रीन दाबली, 'तिसरा मजला, वर या' म्हटलं, सिलिंडर वर आला. नाहीतर बुकिंग पुढे गेलं असतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो, पण येतो. बॅटरी मात्र सात दिवस म्हणून सांगून तीन दिवस टिकते. तीन तारे.

मधे एक अपडेटही आलं. पन्नास नवे वॉचफेस आले, ळ आला नाही.

सासूबाई निवृत्त मराठी शिक्षिका. मी म्हटलं, 'आई, तुम्ही यादीत तांदूल, नारल असं लिहा ना, मला कळेल.' त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काल संध्याकाळी गाडीत मनगट थरथरलं. यादी होती: 'साखर १ किलो. पोहे. ज्याचा भात होतो ते ५ किलो. गणपतीपुढे फोडतात ते २.'