स्टँडर्ड खातं की रॉ स्प्रेड खातं? दोन्हींचं परीक्षण

एकाच क्षणी दोन ब्रोकरकडे युरो-डॉलरचा भाव वेगळा दिसला की लगेच लबाडीचा संशय येतो. पण स्पॉट फॉरेक्सला, म्हणजे चलनांच्या तत्काळ खरेदी-विक्रीच्या बाजाराला, मध्यवर्ती एक्स्चेंजच नाही. प्रत्येक ब्रोकर आपापल्या बँकांकडून भाव घेतो आणि स्टँडर्ड खात्यात त्यावर स्वतःच्या नफ्याची भर घालतो. रॉ खात्यात ही भर जवळपास नसते, कमिशन मात्र वेगळं लागतं.

हिशेब करूनच निवडा. एका लॉटला, म्हणजे १,००,००० युरोंना, १ पिप, म्हणजे भावातला ०.०००१ चा फरक, १० डॉलरचा. स्टँडर्डचा स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, १.२ पिप असेल तर १२ डॉलर गेले. रॉमध्ये ०.२ पिप आणि सौदा उघडताना आणि बंद करताना मिळून ७ डॉलर कमिशन धरलं, तर ९. वारंवार सौदे करणाऱ्याला रॉच परवडतं.

खरी गोम चार्टमध्ये आहे. मेटाट्रेडर ४ या ट्रेडिंग सॉफ्टवेअरचा चार्ट बिडवर, म्हणजे आपल्याला विकताना मिळणाऱ्या भावावर चालतो; शॉर्ट (आधी विकून नंतर खरेदी करायच्या) सौद्याचा स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा थांबवणारी ऑर्डर, मात्र आस्कवर, म्हणजे खरेदीच्या भावावर लागतो. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे ५ वाजले की स्प्रेड फुगतो आणि चार्टवर न दिसलेल्या भावाला स्टॉप उडतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आस्कची रेघ आधी चालू करा. दोन ब्रोकरच्या रोजच्या कँडल (चार्टवर एकेका दिवसाचा भाव दाखवणाऱ्या पट्ट्या) जुळत नसतील तर सर्व्हरची वेळ तपासा. दिवस वेगळ्या तासाला बंद होत असेल, तर क्लोजिंग भावही वेगळाच येणार.